‘तीन महिन्यांत समुपदेशक व्हा’

या महिन्याच्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची आहेत: समुपदेशक व्हायचंय, कुठे शिकू? निकाल लागले की असं होतंच. एरवी नवरा, सासू, मुलाचा मोबाइल हे विषय ढीगभर असतात. या वेळी त्यांना थोडं थांबवते आणि तीन पत्रं घेते. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

ताई, मी परभणी जिल्ह्यातली. नांदेडला एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी चार एकर कोरडवाहू. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या काकांनी आत्महत्या केली. त्या दिवशी सकाळी त्यांनीच मला गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं होतं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. तेव्हाच ठरवलं, हेच काम करायचं. आता घरचे म्हणतात बी.एड. कर. मावसभाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो इकडे ये, क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगमध्ये मास्टर्स कर, लायसन्स मिळतं. मोबाइलवर रोज जाहिरात येते: तीन महिन्यांत सर्टिफाइड काउन्सेलर. माझ्या मैत्रिणीने तो कोर्स केला, बोर्डही लावला. मी काय करू? आणि अजून एक. मला लवकर रडू येतं. मी या कामाला लायक आहे का?

तुला एकेरीतच लिहिते. रडण्याचं शेवटी बघू. आधी मैत्रिणीचा बोर्ड.

‘समुपदेशक’ हा शब्द आपल्याकडे मोकाट आहे. उद्या मी वेल्डिंगच्या दुकानाबाहेर तो बोर्ड लावला तरी कुणी विचारायला येणार नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’चं तसं नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत नाव लागतं. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना ते काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये! त्या साली ती रक्कम बरी वाटली असेल.) २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी दुसरा कायदा झाला. त्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही येतात, पण ती घडी अजून बसते आहे. ती बसली की तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राचं काय होईल, हे तुझ्या मैत्रिणीने आजच मनात धरावं.

माझं त्या कोर्सशी भांडण मात्र कायद्यावरून नाही. त्या तीन महिन्यांत तुला काम करताना कुणी बघणार आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. व्हिडिओ बघून पोहण्याचे हात कळतात, पण विहिरीत उडी मारायची तर काठावर कुणीतरी उभं लागतं.

हे नीट सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागेल. मी पुण्याकडे शिकत होते. आम्हाला प्रत्येक बैठकीनंतर आठवून आठवून संवाद जसाच्या तसा उतरवावा लागायचा, त्याला व्हर्बॅटिम म्हणतात. डावीकडे पेशंट काय म्हणाला, उजवीकडे मी काय म्हणाले, आणि समासात दोन बोटं जागा माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमसाठी. त्या दिवशी समोर ऊसतोडीला आलेले एक गृहस्थ होते, बीडकडचे. (ओळख लागू नये म्हणून थोडं बदललंय.) झोप नाही, छातीत भरून येतं, ईसीजी स्वच्छ. आमच्या मराठवाड्यातला पेशंट मिळाला म्हणून मी खूश, आता माझी बोली कामाला येणार! ते म्हणाले, “मुकादमाची उचल फिटंल, न्हाई फिटंल. पर कोपीवर कुणी ओ देईना.” (उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, कोपी म्हणजे तोडीवरची झोपडी.) आणि मी म्हणाले, “काळजी करू नका, उचल हळूहळू फिटते.” वर हिशोबही मांडून दाखवला, एका कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला किती, हंगामात किती. माणूस मान हलवत राहिला. पुढच्या वेळी आला नाही.

मॅडमनी वहीत फक्त एक वाक्य लिहिलं होतं: “तो उचलीवर थांबला नाही. तू थांबलीस.”

मी वही घेऊन जिन्यात बसले. खरंच, ‘पर’च्या पुढचं मी ऐकलंच नव्हतं. बायको आणि पोरगं त्याच्याशी बोलत नव्हते, तो ते सांगायला आला होता, आणि मी त्याला कर्जाचा हप्ता समजावत होते. बोली कळणं वेगळं आणि माणूस कळणं वेगळं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं. पुस्तकात ‘सहानुभूती’ आणि ‘समानुभूती’ यांतला फरक पाठ केलेला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते.

एम.ए.ला तू आत्ता काय करतेस हे मला ठाऊक आहे. वर्गातलीच मैत्रीण ‘प्रयुक्त’, तूच ‘प्रयोगकर्ता’, चाचणी दिली, गुणांकन केलं, जर्नलवर सही. ते वाया जात नाही. पण त्या प्रयुक्ताला रात्री होस्टेलवर परत जाऊन तुझ्यासोबतच पोहे खायचे असतात. खरा पेशंट आपल्याला खूश ठेवायला बांधलेला नसतो.

आता अमेरिका. भाऊ सांगतो ते खोटं नाही. तिथलं हे मास्टर्स साधारण ६० क्रेडिटचं. काकरेप नावाची त्यांची मान्यता देणारी संस्था आहे, तिच्या नियमाने प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे शिकतानाच्या प्रत्यक्ष सरावात, किमान १०० तास, त्यातले ४० प्रत्यक्ष पेशंटसमोर. मग इंटर्नशिप ६०० तास, त्यातले २४० समोरासमोर. शिवाय दर आठवड्याला वरिष्ठांसमोर बसून आपल्या कामाची चिरफाड. ही शिस्त मला फार आवडते, आपल्याकडच्या सगळ्या एम.ए. अभ्यासक्रमांनी ती उचलावी. पण भाऊ एक गोष्ट सांगायची विसरला, किंवा तो संगणकवाला असल्यामुळे त्याला ती लागलीच नसेल. पदवी हातात आली म्हणजे लायसन्स आलं असं नाही. ते राज्याराज्याचं वेगळं, नावंही वेगळी, कुठे एलपीसी, कुठे एलएमएचसी. त्यासाठी परीक्षा, आणि पदवीनंतर देखरेखीखाली आणखी काम, बऱ्याच राज्यांत ३,००० तासांच्या आसपास. पूर्णवेळ करूनही त्याला दोन वर्षं लागतात. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना शिक्षणानंतर कामाची परवानगी मिळते १२ महिने. इंजिनिअर पोरांना ती वाढवून मिळते, कारण त्यांचा विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या यादीत असतो. समुपदेशनाचा विषय सहसा त्या यादीत बसत नाही. म्हणजे तास अर्धे झालेले आणि मुदत संपलेली. तिथून परत यावं तर इथली आरसीआयची नोंदणी आपोआप मिळत नाही. चार एकर कोरडवाहूवर कर्ज काढून हा डाव खेळू नकोस. कुणी पूर्ण शिष्यवृत्ती देत असेल तर मात्र मला परत लिही, उत्तर बदलेन.

इथला रस्ता असा. क्लिनिकल सायकॉलॉजीचा आजवरचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ, रुग्णालयात राहून केलेलं एम.फिल. बेंगळुरूचं निम्हान्स हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. जागा सगळीकडे मोजक्याच, प्रवेश परीक्षा कडक. आता इथे एक खाच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच मोडीत निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली, आणि पुनर्वास परिषदेने त्या जागी नवे अभ्यासक्रम आणायला घेतले. तेव्हा सीनियर मुलीने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारत बसू नकोस. परिषदेच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्षाची मान्य संस्थांची यादी असते, ती स्वतः उघडून बघ. माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ असं छापलेलं पुरत नाही. कुणाची मान्यता, कुठल्या वर्षापर्यंत, हे विचार.

तोपर्यंत बसून राहायचं का? नाही. एक फोन कर, पाहिजे तर दहा कर. जिथे प्रवेश घ्यायचा विचार आहे त्या प्रत्येक ठिकाणी एकच विचार: “तुमच्याकडे प्रॅक्टिकमला पेशंट कोण असतात, आणि त्यानंतर माझ्याशी बसून बोलतं कोण?” “मुलं एकमेकांवरच करतात” असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून ठेवून दे. “सर आहेत ना” असं आलं तर पुढचं विचार, सर आठवड्यातून किती तास? फोनवर गोंधळ उडाला तर तेही उत्तरच.

राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे स्वाराती रुग्णालयात, लातूर-नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. विभागप्रमुखांना तुझ्या प्राध्यापकांचं पत्र घेऊन भेट. नुसतं बसू द्या म्हण. आठवड्यातून एक ओपीडी, सहा महिने. केसपेपर लिहायला मिळाला तरी पुष्कळ. तिथे तुला कळेल की आपल्याकडे कुणी “मला नैराश्य आलंय” असं म्हणत येत नाही. “जीव घाबरा व्हतो”, “करमंना”, “डोक्याला मुंग्या”, “हातपाय गळाले”, “बाहेरचं असंल तर बघा”. नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी तू पाठ केली असशील, शून्य ते सत्तावीस गुण. तिचा पहिलाच प्रश्न, कामांत रस किंवा आनंद वाटत नाही का? मी तो एका आजीला अगदी छापील मराठीत विचारला. त्या म्हणाल्या, “आनंद कसला बाई, काम हाय ते.” गुण किती द्यायचे? मग विचारलं, “आजी, हरिपाठाला जाता का आता?” आजी गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. दोन महिन्यांपासून गेल्याच नव्हत्या. ही भाषांतरं तुला करावी लागणार आहेत. नांदेडकडे ती दखनी उर्दूत आणि बंजाऱ्यांच्या गोरमाटीतही.

अजून एक, हे पुस्तकात मिळणार नाही. पुस्तक म्हणतं दर आठवड्याला एक, अशा बारा-सोळा बैठका. आपला माणूस तीन वाजताची एसटी पकडायची म्हणून घड्याळ बघत बसलेला असतो, आणि दिवाळीच्या पुढेमागे अर्धा गाव कारखान्यावर जातो. “पुढच्या मंगळवारी या” हे वाक्य निम्म्या लोकांना लागू नाही. तेव्हा पहिली भेट हीच शेवटची असेल असं धरून काय देता येतं, हे शिकवणारा गुरू शोध.

आता काका.

मी लातूरला कॉलेजात असताना किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपता संपता, पहाटे चारच्या सुमाराला. काही दिवसांनी आम्हा पोरींना मदतीला नेलं. एक बाई दगडांच्या ढिगाशेजारी बसून एकच लुगडं घडी करत होती. घडी झाली की झटकायची, पुन्हा घडी. मी जवळ जाऊन म्हणाले, “मावशी, रडू नका, देवाची मर्जी.” ती रडत नव्हतीच. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू जा.” नंतर आमच्यासोबतच्या वयस्क परिचारिकाबाई तिच्यासमोर बसल्या, लुगड्याची दुसरी दोन टोकं धरली आणि तिच्याबरोबर घडी घालू लागल्या. किती वेळ, मोजलं नाही. एक शब्द नाही. मला त्या ‘तू जा’ने या कामात आणलं, म्हणून तुझं कारण मला कळतं. आपल्यातले पुष्कळ जण असेच कुणाच्यातरी मागे राहून इथे येतात.

पण कारण चांगलं असलं तरी ते पेशंटच्या अंगावर येऊ शकतं. कर्जात बुडालेला, गाडीवरून आलेला चाळिशीचा माणूस तुझ्यासमोर बसेल, आणि तुला तिथे काका दिसतील. मग तू त्याला वाचवायला बघशील, दिवसातून चार फोन करशील, त्याचं एक चुकलं की तुला झोप लागणार नाही. म्हणून शिकायला सुरुवात करण्याआधी, किंवा निदान सोबतच, तू स्वतः कुणाकडे तरी जाऊन बस. त्या सकाळचं बोल, स्टँडपर्यंतच्या त्या गाडीवरचं. तुला काहीच कळलं नाही, असं तू लिहिलंस. कळायला हवं होतं, असं त्या वाक्याच्या पोटात आहे. लाखमोलाची गोष्ट सांगते, आम्हा शिकलेल्यांनाही पुष्कळदा कळत नाही. जाणारा माणूस त्या सकाळी शांतही असू शकतो. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. भावी समुपदेशकाने तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

आणि रडू येण्याचं. येऊ दे. मी लातूरच्या स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी राहून रडलेली आहे, आणि रसवाल्याने पैसे घेतले नाहीत. पेशंटसमोर डोळे भरले तर बिघडत नाही. आपल्याला सावरायचं काम पेशंटवर आलं, तर बिघडलं. हा फरक तुला तुझी मॅडम दाखवेल, म्हणून मॅडम असलेलं ठिकाण शोध. बी.एड.चा फॉर्म भरून ठेवायला माझी ना नाही. घरात शांतता राहते.

मी अंबाजोगाई तालुक्यात शाळेत शिक्षिका आहे, वय ४४. गावातल्या बायका मन मोकळं करायला माझ्याकडे येतात. बहिःस्थ एम.ए. मानसशास्त्र करून रीतसर समुपदेशन सुरू करावं असं मनात आहे. कुठल्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरू?

ताई, एक-दोन वर्षं आधी विचारलं असतंत तर मी लगेच नाव सांगितलं असतं. आता ते दार बंद झालंय. २०२१ च्या त्याच कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलं, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून, आणि त्यात मानसशास्त्रही आलं. आधी प्रवेश घेतलेल्यांचं सुरू राहील, नवा प्रवेश नाही. कुणी अजूनही “आमच्याकडे होतंय” म्हणत असेल तर पैसे भरू नका.

मला हा निर्णय अर्धा पटतो. टपालाने समुपदेशन शिकता येत नाही, हे वरच्या पत्रात मी चार पानं लिहिलंच. पण नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बाईला दुसरा रस्ता कुणी दिला का? छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला जाऊन दोन वर्षं वर्गात बसायला रजा कोण देणार?

म्हणून तुमच्यासाठी वेगळं सुचवते. तुम्ही समुपदेशक होऊ नका, आहात तेच राहा, फक्त थोडं शिकून. येणाऱ्या बाईचं ऐका, मध्ये तोडू नका. “अगं सगळ्यांच्या घरी असंच असतं” हे वाक्य मात्र कायमचं सोडा, ते मलम वाटतं आणि मीठ असतं. झोप-भूक गेली असेल, मारहाण असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा, “मरावं असं मनात येतं का?” विचारल्याने तसं डोक्यात भरतं, ही भीती खरी नाही. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत स्वारातीत घेऊन जा. आणि ऐकलेलं शाळेच्या स्टाफरूममध्ये नेऊ नका. गाव केवढंसं असतं. कुणाची चप्पल तुमच्या दाराबाहेर होती एवढ्यावरून संध्याकाळपर्यंत कथा तयार होते. बोलायला शाळेची मधली सुट्टी बरी, कुणाला शंका येत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी. मुलीला पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश मिळतोय, मनोरुग्णालयात दोन वर्षं काम करावं लागेल म्हणते. वेड्यांत राहून तिच्या डोक्यावर परिणाम होणार नाही ना? पुढे लग्नालाही अडचण येईल, असं भाऊबंद म्हणतात.

दादा, पहिलं अभिनंदन. त्या मोजक्या जागांतली एक तुमच्या घरात येतेय, आणि भाऊबंदांना ती कुठल्या परीक्षेतून मिळाली हेही माहीत नसेल.

मनाचा आजार लागण होऊन पसरत नाही. थकवा मात्र येतो, खूप येतो. दिवसभर ऐकून ऐकून मुलगी संध्याकाळी गप्प होईल, फोनवर “हं, हं” करेल, तुम्हाला वाटेल बदलली. पहिले सहा महिने असं होतं, मग अंगवळणी पडतं. लग्नाचं म्हणाल, तर ज्या घराला मुलीच्या या कामाची लाज वाटते ते घर प्रवेश घेण्याआधीच कळलं, हे स्वस्तात पडलं.

आणि दिवाळीला ती घरी आली की आल्याआल्या “तिथले किस्से सांग” म्हणू नका. पेशंटचं तिला घरीसुद्धा सांगता येत नाही, तो नियम आहे. जेवायला काय करू, एवढं विचारा आणि झोपू द्या.